हिमक्रीडेचा पोशाख व काटकसर

आम्हां नाशिककरांस बर्फाची ओळख ती दोनच ठिकाणी. एक, उन्हाळ्यात रसवंतीवर, उसाच्या रसाच्या पेल्यात. आणि दुसरी, अवकाळी पावसात पडणाऱ्या गारांच्या रूपाने, जिच्या नुसत्या आठवणीने द्राक्षबागाईतदाराच्या काळजाचे पाणी होते. पौष-माघात निफाडकडे कधी कधी पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो, बागाईतदार द्राक्षे वाचविण्यासाठी रात्री बागांतून शेकोट्या पेटवितात, आणि तेवढ्यावरून थंडी काय ती आम्ही पाहिली, असे आम्हांस वाटू लागते. अशा प्रांतातील विद्यालयाच्या वार्षिकात हिमावर घसरण्याच्या खेळाचा पोशाख हा विषय यावा, हे कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु विषय दूरचा असला तरी त्यातून निघालेला प्रश्न घरचाच होता. आणि तो सोडविताना आमच्या विद्यार्थ्यांस व आम्हांस जे शिकावयास मिळाले ते पुढे येणाऱ्यांच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

गेल्या जानेवारीच्या अखेरीस आमच्या विद्यालयाचे बारा विद्यार्थी, सात मुलगे व पाच मुली, हिमाचल प्रदेशात मनालीच्या वर असलेल्या सोलंग येथे आठवडाभर स्नोबोर्ड नावाचा खेळ शिकण्यास गेले होते. दोन्ही पाय एकाच रुंद फळीस बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत यावयाचे, असा हा खेळ आहे. शिबिराची फी व प्रवासखर्च एका माजी विद्यार्थ्याने, नाव प्रसिद्ध न करण्याच्या अटीवर, दिला होता. राहिला होता तो केवळ अंगावरील पोशाख. शिबिराकडून त्याची एक यादी आली. तिच्यात एकवीस जिनसा होत्या. आणि एका मोठ्या दुकानातील भावांवरून विद्यार्थ्यांनी बेरीज केली तो ती प्रत्येकी बावीस हजार रुपयांवर गेली.

त्या बारा जणांत एक मुलगा होता. त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही. वडील आडगावकडील एका द्राक्षबागेत छाटणीच्या व विरळणीच्या कामास जातात. आई घरी शिवणयंत्रावर ब्लाउज शिवते व साड्यांना फॉल लावते. यादी वाचून झाल्यावर त्याने तिची चौघडी घातली, ती खिशात ठेविली, आणि तास संपल्यावर तो आम्हांकडे येऊन म्हणाला, "सर, माझं नाव काढून टाका. मला थंडी सोसत नाही."

हाच मुलगा पौषातील पहाटे साडेचारला, अर्ध्या बाह्यांच्या स्वेटरावर, सायकलीने वर्तमानपत्रे वाटीत फिरतो, हे आम्हांस ठाऊक होते. तथापि आम्ही त्याला काही विचारले नाही. मानी मनुष्य आपल्या अडचणीस जे दुसरे नाव देतो ते चारचौघांत सोलून काढण्यासारखी निर्दयता नाही. "नाव शनिवारपर्यंत राहू दे," एवढेच आम्ही म्हटले.

वर्गणी काढून त्याला पोशाख घेऊन देणे अवघड नव्हते. परंतु तो त्याने घेतला नसता. आणि घेतला असता तर आठ दिवस तो बर्फावर खाली मान घालून वावरला असता. शिवाय आमच्या मनात दुसराच एक संशय उभा राहिला होता. यादी म्हणजे काही धर्माज्ञा नव्हे. ज्याने ती केली त्याने सर्व काही घातले. त्यातील कोणती जिन्नस खरोखर लागते, कोणती बदलीने चालते व कोणती निव्वळ दुकानदाराच्या उपयोगाची आहे, हे पाहणे घेणाऱ्याचे काम आहे. तेव्हा परीक्षा मुलाची नको, यादीचीच घ्यावी, आणि ती एकट्यासाठी नव्हे तर बाराही जणांसाठी, असे आम्ही ठरविले.

प्रथम आम्ही ह्या खेळाचे मूळ पाहिले. आज दूरदर्शनावर व मोबाईलवर जे खेळाडू दिसतात त्यांचा झगमगाट पाहून हा खेळ श्रीमंतांचाच, असे मन घेते. पण त्याचा जन्म मोठ्या गरिबीच्या थाटात झाला. १९६५ सालच्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतील मिशिगन संस्थानातील मस्कीगन गावी शर्मन पॉपन नावाच्या गृहस्थाने आपल्या मुलींना खेळावयास म्हणून दोन स्की-फळ्या एकमेकींस जोडून एक रुंद फळी केली, व तिच्या टोकास पुढे दोरी बांधली. तिच्यावर उभे राहून मुली टेकडीवरून घसरू लागल्या; लवकरच शेजारची मुले तशीच फळी मागू लागली. पॉपनच्या पत्नीने तिला ‘स्नर्फर’ असे नाव दिले. पुढे १९७७ च्या सुमारास व्हर्मांटमध्ये जेक बर्टन कार्पेंटर याने पाय बांधण्याची सोय करून तिला सुधारले, आणि १९९८ साली जपानातील नागानो येथे हा खेळ हिवाळी ऑलिंपिकमध्ये आला. म्हणजे दोन फळ्या आणि एक दोरी, एवढ्या भांडवलावर हा व्यवहार सुरू झाला. ही हकीकत वर्गात सांगताच मुलांच्या तोंडावरील दडपण बरेचसे उतरले.

त्यानंतर पदार्थविज्ञानाचा तास झाला. कपडा ऊब देतो, असे आपण बोलतो. पण ते खरे नाही. ऊब शरीरच देते. कपडा ती केवळ राखतो. आणि तीही सुताने किंवा लोकरीने जेवढी राखली जाते त्याहून अधिक, त्यांच्या तंतूंमध्ये अडकून राहिलेल्या स्थिर हवेने राखली जाते. ह्यावरून तीन गोष्टी आपोआप निघतात. एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालणे बरे, कारण त्यांच्यामध्येही हवा राहते. दुसरे, वारा आत शिरला तर ती हवा हलते व ऊब पळते. म्हणून सर्वांवर वाऱ्यास अडविणारे एक आवरण हवे. आणि तिसरे, कपडा भिजला की हवेच्या जागी पाणी येते, व पाणी शरीराची ऊब झपाट्याने ओढून नेते. म्हणून बर्फात खरा शत्रू थंडी नव्हे. ओलावा हा होय, मग तो बाहेरील बर्फाचा असो की आतील घामाचा.

ह्या दृष्टीने सुती कपड्याची परीक्षा केली तर तो नापास होतो. आमच्या उष्ण देशात जो गुण, घाम पिऊन घेण्याचा, तोच बर्फात अवगुण ठरतो. सुती गंजीफ्रॉक घाम पितो व ओलाच राहतो. जीनची विजार एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. उलट आमच्या धनगराची घोंगडी पाहा. दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीची ती टोचते खरी. पण तिची खोळ डोक्यावर घेऊन तो भर पावसात माळावर उभा राहतो, आणि ती भिजली तरी बरीच ऊब राखते. इगतपुरी, पेठ, त्र्यंबकेश्वर ह्या भागांत भातलावणीच्या वेळी बाया पाठीवर पानांचे इरले घेऊन वाकत, ते ह्याच शास्त्रातील बाहेरचे आवरण होय. आत लोकर व बाहेर पाणी अडविणारे कवच, हा धडा आमच्या डोंगराळ मुलुखाने कोणत्याही दुकानावाचून शिकून ठेविला होता.

हिमालयातही तेच घडले आहे. १९२२ सालच्या एव्हरेस्टच्या मोहिमेत जॉर्ज फिंच ह्याने विमान-फुग्यांच्या कापडात पिसे भरून केलेला अंगरखा नेला, तेव्हा सोबती त्यास हसले. वर गेल्यावर हसणे थांबले. १९२४ साली त्याच पर्वतावर नाहीसा झालेला जॉर्ज मॅलरी ह्याचे शरीर १९९९ सालच्या मे महिन्यात सापडले, तेव्हा त्याच्या अंगावर रेशीम, सूत, फ्लॅनेल व लोकर ह्यांचे एकावर एक पातळ थर आणि वर गॅबर्डिन कापडाचा पोशाख होता. पुढे तसाच पोशाख पुन्हा विणून-शिवून २००६ साली एव्हरेस्टवर त्याची चाचणी घेण्यात आली, व तो हलका व सोयीचा आढळला. मॅलरीच्या कपड्यांवर गोडॅल्मिंग ह्या गावच्या दुकानाची चिठ्ठी होती. त्या गावी तो काही वर्षे शिक्षक होता. एका शाळामास्तराने आपल्या गावच्या दुकानातून कपडे घेतले, आणि ते जगातील सर्वांत उंच पर्वतावर गेले, ही गोष्ट आम्हांस अर्थातच फार आवडली.

आता यादीकडे वळू. फळ्यावर आम्ही चार रकाने पाडले: घरी असलेले, घरी करता येणारे, भाड्याने घ्यावयाचे, व विकतच घ्यावे लागणारे. एकवीस जिनसा एकेक करून मुलांनीच त्या रकान्यांत घातल्या.

भाड्याच्या रकान्यात फळी, तिची पायबंधने व तिचे बूट ही सर्वांत महाग त्रयी गेली. जो खेळ आपणांस आवडेल की नाही हेच ठाऊक नाही, त्याची फळी विकत घेणे म्हणजे बाजारात तुरी ठरण्यापूर्वीच भांडणे होय. सोलंगला ही सामग्री भाड्याने मिळते. मात्र भाड्याची म्हणून कसलीही घेऊ नये. शिकाऊ माणसास फळी उभी केली असता हनुवटी ते नाक ह्यांच्या दरम्यान येणारी व जराशी लवचीक असावी. वजनाप्रमाणे तिच्यात थोडा फरक पडतो. बुटाची निवड तर फळीहून जपून करावी. बूट घालून उभे राहिले असता बोटे टोकास नुसती लागावीत, गुडघे वाकविताच मागे सरावीत, आणि टाच वर उचलू नये. मोठा बूट घेऊन त्यात दोन-दोन मोजे कोंबणे ही आपल्याकडील सवय येथे घातक आहे. पाय आवळला की रक्त नीट फिरत नाही, व अधिक मोजे घालूनही पाय अधिक गारठतो. एकच लोकरीचा लांब मोजा पुरे.

मनालीहून वर जाणाऱ्या वाटेवर अंगभर डगले व रबरी बूट भाड्याने देणारी दुकाने ओळीने लागतात. घटकाभर बर्फ पाहून फोटो काढणाऱ्या प्रवाशास ती बरी आहेत. परंतु रबरी बुटात ऊब नाही व घोट्यास आधार नाही. आणि सकाळी एकाने भिजविलेला डगला दुपारी दुसऱ्याच्या अंगावर चढण्याचा संभव असतो. म्हणून खेळ शिकणाऱ्याने अंगास लागणारा पोशाख आपला न्यावा व लाकूड-लोखंड तेवढे तेथे घ्यावे, असा नियम आम्ही केला.

घरी असलेल्यांच्या रकान्यात मुलांनी कल्पनेपेक्षा अधिक जिनसा घातल्या. धावण्याच्या शर्यतीसाठी शाळेनेच दिलेले न भिजणाऱ्या कृत्रिम धाग्याचे बनियन प्रत्येकापाशी होते. ते आतील थरास चालते. कोणाच्या घरी आजोबांचा शुद्ध लोकरीचा पुलोव्हर, नुसता ट्रंकेत पडलेला. कसरीने खाल्लेला, पण रफू करण्याजोगा. एका मुलीची आई असले लोकरी कपडे बोहारणीस देऊन पातेले घेणार होती. पातेले राहिले व स्वेटर आला. ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांनी शरणपूर रस्त्यावरील तिबेटी बाजारातून फ्लीसचे अंगरखे घेतले. १९५९ नंतर आपला हिमप्रदेश सोडून आलेल्या लोकांच्या वंशजांनी नाशिकच्या मुलांस बर्फाचे कपडे विकावेत, ह्यात इतिहासाचा एक करुण विनोद आहे. तेथील एका वृद्ध बाईने मुलांचे बेत ऐकून भाव न सांगता आधी एवढेच विचारले, "ऊपर बर्फ में? कितने दिन?" आणि दाखविलेल्यांपैकी सर्वांत महाग अंगरखा स्वतःच बाजूस सारून, "ये मत लो, ये शहर के लिए है," असे सांगितले. दुकानदार असा सल्ला देतो तेव्हा तो गाठीस बांधावा.

घरी करता येणाऱ्यांच्या रकान्यात आम्ही बाहेरील विजार घातली, आणि येथेच आमच्या त्या विद्यार्थ्याची आई कामास आली. स्नोबोर्ड शिकणारा पहिले तीन दिवस उभा असण्यापेक्षा बसलेलाच अधिक असतो. म्हणून ह्या खेळात सर्वांत आधी भिजते ती बैठक, व मग गुडघे. दुकानातील विजारींवर ५,०००, १०,०००, २०,००० मिलिमीटर असे आकडे लिहिलेले असतात. त्यांचा अर्थ असा की, त्या कापडावर तितक्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही; १०,००० म्हणजे दहा मीटर. बसणाऱ्या माणसाचे वजन कापडावर दाब आणते, म्हणून बैठकीस अधिक आकडा हवा. पण कापडाचा आकडा कितीही असो, शिवणीच्या सुईने पडलेल्या भोकांतून पाणी येणारच. त्यासाठी आतून चिकटपट्टी लावलेली असावी लागते.

हे सर्व आम्ही पावसाळ्यात स्कूटरवर घालण्याच्या एका नायलॉनच्या रेनसूटाची विजार समोर ठेवून त्या बाईंस सांगू लागलो, तो मध्येच त्या म्हणाल्या, "सर, मग शिवण बसायच्या जागी कशाला ठेवायची? दोन्ही बाजूंना नेते. मधे अख्खा तुकडा लावते, दुहेरी." जी गोष्ट सांगण्यास आम्हांस पाव तास लागला असता ती त्यांनी दोन वाक्यांत निकालात काढली. त्यांनी बैठकीस व गुडघ्यांस जाड कापडाचा दुहेरी तुकडा लाविला. घोट्यापाशी आतून इलॅस्टिकचा पट्टा घातला, म्हणजे बुटात बर्फ शिरू नये. आणि नायलॉनमधून घाम बाहेर पडत नाही असे सांगताच मांडीच्या बाजूस चार बोटे उघडी ठेवून तिच्यावर झाकण बसविले. मेणकापडासारखा दिसणारा प्लॅस्टिकचा रेनसूट मात्र ह्या कामी घेऊ नये. तो थंडीत कडक होऊन तडकतो. पहिली विजार पाहून बाकीच्यांनी आपापल्या घरचे रेनसूट आणून दिले. बाईंनी अकरा विजारी शिवल्या व प्रत्येकी अडीचशे रुपये मजुरी घेतली. पुत्राच्या पोशाखासाठी लागणारे पैसे त्या मजुरीतूनच निघाले. शनिवारी मुलाच्या नावाविषयी आम्ही काही बोललो नाही व तोही काही बोलला नाही. तो टेप घेऊन दुसऱ्यांची मापे घेत होता.

राहिला विकतचा रकाना. त्यात शेवटी पाचच जिनसा उरल्या: लोकरीचे दोन जोड लांब मोजे, हातमोजे, गॉगल, मनगटास बांधावयाचे कडक पट्टे, व उन्हाचे मलम. हातमोजा घेताना पाच बोटांच्यापेक्षा चार बोटे एकत्र राहणारा घ्यावा; बोटे एकमेकांस ऊब देतात. गॉगल ही चैन नव्हे. ताजे बर्फ सूर्याच्या अतिनील किरणांपैकी सुमारे ऐंशी टक्के परत फेकते, आणि दर हजार मीटर उंचीस हे किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. हवा थंड असल्याने ऊन लागत आहे हे कळत नाही, व सायंकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होऊन ते उघडत नाहीत. म्हणून काच नुसती काळी असून भागत नाही. अतिनील किरण अडविणारी आहे असे तिच्यावर लिहिलेले पाहून घ्यावे. ओठांस मात्र आमच्या कोकणी मंडळींचे कोकमतेल रात्री उत्तम काम देते. मनगटाच्या पट्ट्यांविषयी एवढेच की पडताना मनुष्य हात टेकतो, आणि शिकाऊ स्नोबोर्डवाल्यांत मनगटाची दुखापत ही नेहमीची आहे.

काटकसर कोठे करू नये ह्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. हेल्मेट चांगलेच हवे. ते भाड्याने घेतले तरी चालेल, परंतु तडा गेलेले किंवा पूर्वी जोराचा मार खाल्लेले घेऊ नये. त्याच्या आतील भर एकदा दबली की तिचा उपयोग संपतो. त्याच्याखाली जाड माकडटोपी घालू नये, हेल्मेट डोक्यावर बसत नाही. आणि लोंबता मफलर घरीच ठेवावा. वर ओढून नेणाऱ्या दोरीत किंवा यंत्रात तो अडकला तर जिवावर बेतेल. त्याऐवजी गळ्याभोवती बसणारी विणलेली नळी बरी. आमच्या विद्यालयातील एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी अशा बारा नळ्या विणून दिल्या.

ह्याप्रमाणे बावीस हजारांची यादी भाडे धरून कोणाचीही पाच हजारांवर गेली नाही. कित्येकांची साडेतीन हजारांतच भागली.

निघण्यापूर्वी एका रविवारी दुपारनंतर व पुढल्या शनिवारी पहाटे आम्ही सर्वांस पूर्ण पोशाखात पांडवलेण्यांवर चढविले. येणाऱ्या-जाणाऱ्यांची करमणूक झाली ती झाली. पण चढताना घाम येण्यापूर्वीच एक थर काढावा, व थांबताच अंगावर घ्यावा, ही सवय पुस्तकाने लागत नाही. विसाव्यासाठी दहाव्या लेण्याच्या ओसरीत बसलो असता आम्ही मुलांस तेथील लेख दाखविला. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याने तो कोरविला आहे. लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविले. दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि एक हजार शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज खर्चावयाचे. आणि दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंपैकी प्रत्येकास वस्त्रासाठी बारा कार्षापण द्यावयाचे. मुलांनी तेथेच हिशेब केला: दरमहा वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, भागिले वीस, बरोबर बारा. हिशेब इतका चोख जुळलेला पाहून ती सारी हसू लागली.

आमचा विद्यार्थी मात्र हसला नाही. तो थोड्या वेळाने म्हणाला, "सर, मग आपले कपडे पण मुद्दल धरायचे का? परत आल्यावर घरी नाही न्यायचे. शाळेत ठेवायचे. पुढच्या वर्षी जाणारे वापरतील." हे त्याने विचारले नसते तर कदाचित आम्हीच सुचविले असते, परंतु ज्याला घेण्याचा संकोच वाटत होता त्याच्याच मुखातून देण्याची ही योजना निघाली, ह्यामुळे तिला जे वजन आले ते आमच्या सूचनेस आले नसते. बाराही जणांनी तेथेच होकार दिला.

सोलंगच्या आठ दिवसांचे वर्णन येथे करीत नाही. ते विद्यार्थी आपल्या लेखांत करतीलच. एकच प्रसंग सांगतो. तिसऱ्या दिवशी बर्फ पाणथळ झाले होते. एका सधन घरच्या विद्यार्थ्याचा अंगरखा फार उंची व खरोखर उत्तम होता. परंतु मोजे त्याने नेहमीचे सुती घातले होते, व ते चिंब झाले. पायांस बधिरपणा येऊ लागल्याने तो खाली येऊन बसला. आमच्या विद्यार्थ्याने पिशवीतून आपला कोरडा जोड काढून त्यास दिला व त्याचे पाय कोरडे पुसून दिले. "परत कधी देऊ?" असे त्याने विचारले. उत्तर आले, "मला नको देऊस. धुऊन पेटीत टाक." दोघेही पुन्हा वर चढून गेले. त्या दिवशी कोणाच्या विजारीतून पाणी आत आले नाही, हेही नमूद करतो.

ही पेटी आता प्रयोगशाळेशेजारील खोलीत आहे. तिच्यात अकरा विजारी, नऊ फ्लीसचे अंगरखे, बारा गळनळ्या, दहा गॉगल, मनगटपट्ट्यांचे बारा जोड, व हातमोजे असून, प्रत्येक जिनसेची नोंद एका वहीत आहे. बारावी विजार एका मुलीची. ती घसरताना खडकास लागून फाटली, व तिच्या चांगल्या तुकड्यांतून इतरांस ठिगळे झाली. नियम थोडेच आहेत. नेताना वहीत सही करावी. परत देताना कपडा साध्या सौम्य साबणाने धुवावा, मऊपणा आणणारी द्रव्ये घालू नयेत, कारण त्यांनी पाणी अडविण्याचा गुण नष्ट होतो. सावलीत पूर्ण वाळवावा. चेन लावून घडी घालावी. काही फाटले असल्यास लपवू नये, चिठ्ठी लावावी. पेटीत कडुनिंबाचा पाला ठेविला आहे, तो दर तीन महिन्यांनी नववीच्या वर्गाने बदलावा. आणि घेणाऱ्यास, त्याच्या घरी मोटार असो की सायकल, त्याने का घेतले हे कोणी विचारू नये.

पेटीत लहान मापाचे हातमोजे नाहीत, आणि येत्या हिवाळ्यासाठी आठवीच्या तीन मुलींनी नावे दिली आहेत. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी असा जोड किंवा ट्रंकेच्या तळाशी पडलेला लोकरीचा स्वेटर असेल, त्यांनी तो दिवाळीच्या सुट्टीपूर्वी कार्यालयात पोहोचता करावा. कसरीने खाल्लेला असल्यासही चालेल. रफू करणारे हात आमच्याकडे आहेत.